पिळाचं मोजमाप

विजेवरच्या स्टेअरिंगमधला टॉर्क सेन्सर ही मला फार देखणी कल्पना वाटते. स्टेअरिंग आणि त्याखालचा दांडा यांच्यामध्ये पोलादाची एक बारीक कांडी असते, टॉर्शन बार. चालकाने जोर लावला की आधी ती काही अंश पिळली जाते. सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या मापाने मोटर हातभार लावते. स्टेअरिंग किती फिरलं याची इथे विचारपूस नाही. हाताला किती जड जातंय, एवढंच पाहायचं. वेग कमी असेल तर मदत भरपूर, वेग वाढला की आवरती. वसमतच्या मोंढ्यात हळदीच्या पोत्यांनी भरलेली पिकअप जागच्या जागी वळवणाऱ्याला याचं मोल मनगटात कळतं. असं स्टेअरिंग १९८८ साली सुझुकीच्या सर्वो या छोट्या गाडीत आलं होतं.

वसमत तालुक्यातल्या एका अंगणात हा सेन्सर बदलताना मी पाहिला. गाडी काकांची, हात आयटीआय झालेल्या पुतण्याचे. स्टेअरिंग एकाएकी जड झालेलं, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. पुतण्याने आधी पान्याला हात न लावता मल्टिमीटर काढला, आणि तिथेच माझी पहिली दाद गेली. या सेन्सरमधून दोन सिग्नल निघतात. हात मोकळा असताना दोन्ही २.५ व्होल्टच्या आसपास. जोर दिला की एक चढतो, दुसरा तेवढाच उतरतो, बेरीज ५ च्या आसपास कायम. काका स्टेअरिंगवर हळूहळू जोर देत होते. एक आकडा हलत होता, दुसरा ढिम्म. बेरीज जुळेना, म्हणून कंट्रोलरने मदत थांबवली होती. खोट्या मापावर भलतीकडे जोर लावण्यापेक्षा तो सरळ बाजूला होतो. लोखंडी दुवा शाबूत असल्याने गाडी वळते, घाम तेवढा काढते. ही माघार ज्याने आखली त्याला चालकाच्या जिवाची काळजी होती.

खोलाखोली नेहमीचीच: बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली, एअरबॅग असल्याने काही मिनिटं थांबला, कॉलम खाली उतरवला. पण त्याआधी दांडा आणि जॉइंट यांच्यावरून त्याने नेलपॉलिशची एक आडवी रेघ ओढली. जोडताना रेघ रेघेला मिळाली की स्प्लाइनचा एकही दात चुकत नाही. पुष्कळ गाड्यांत अख्खा कॉलमच बदलावा लागतो. इथे सेन्सर सुटा मिळाला.

खरी रंगत नंतर. नव्या सेन्सरला शून्य शिकवावं लागतं. चाकं सरळ, इग्निशन चालू, स्कॅनर जोडलेला. “काका, आता स्टेअरिंगला हात नका लावू,” पुतण्या म्हणाला, आणि काकांनी दोन्ही हात मांडीवर घेतले. तेवढ्या वेळात सेन्सर जे वाचेल, तेच पुढे ‘कुणी धरलेलं नाही’ याचं माप ठरणार. तेव्हा कुणी रेलला, तर गाडी कायमची एका बाजूला ओढत राहील. याच जिल्ह्यात, औंढा नागनाथ तालुक्यात, गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडियाची वेधशाळा होते आहे. चार-चार किलोमीटरच्या भुजांमध्ये अणूच्या गाभ्याहूनही लहान फरक ती टिपेल. तिथेही आधी सगळा हादरा बाजूला काढूनच मोजायचं आहे.

माझा आक्षेप एकच. हे शून्य लावायला स्कॅनर लागतो, आणि तो पुतण्याला तालुक्याहून मागून आणावा लागला. सुटा भाग विकणाऱ्याने शून्य लावायची सोय गाडीतच ठेवायला हवी होती.