आडवं ऊन, आडवा पाऊस आणि खिडकीची झडप

व्याख्यानाचा विषय कळवला तेव्हा संयोजकांनी दोनदा विचारलं, "समीक्षा नेमकी कशाची?" आम्ही म्हटलं, पुस्तकाची होते, नाटकाची होते, तशी खिडकीचीही व्हायला हरकत नाही. पुस्तक पटलं नाही तर मिटून ठेवता येतं. पश्चिमेच्या खिडकीशेजारी अख्खा मे महिना काढावा लागतो, आणि पाचोऱ्यातला मे महिना काय असतो हे इथे कुणाला सांगायला नको. जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की बातमी होते. आपल्या खोलीतला पारा रात्री अकरा वाजता किती होता, याची बातमी होत नाही.

आपल्याकडे खिडकीवरच्या ऊन-पावसाचा बंदोबस्त म्हणजे छज्जा, हे डोक्यात पक्कं बसलेलं आहे. दीड फूट, फार तर दोन फूट सिमेंटची फळी बाहेर काढली की आर्किटेक्ट सुटला, मिस्तरी सुटला, मालकही सुटला. छज्जा वाईट असं आम्ही म्हणत नाही. वरून जे येतं त्याला तो उत्तर देतो. २४ मेच्या सुमारास इथे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, आपली सावली पायाखाली जाते. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीला दीड फुटाचा छज्जा पुरून उरतो. पण त्रास सुरू होतो चारनंतर. मेच्या मध्यात संध्याकाळी पाच वाजता पाचोऱ्यात सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६ अंश वर असतो आणि जवळजवळ थेट पश्चिमेकडून येतो. चार फूट उंचीची खिडकी त्या वेळी पूर्ण सावलीत ठेवायची तर छज्जा किती लागेल? साधी त्रिकोणमिती आहे, दहावीच्या मुलाला घालावी अशी. उत्तर येतं आठ फूट! आपल्या गल्ल्यांमध्ये आठ फुटांवर समोरच्याची भिंत असते. आणि सहा वाजता तो आठ फुटांचाही पुरत नाही.

आता वळवाचा पाऊस घ्या. तो कधी सरळ पडतो का? आधी धुळीचा लोट येतो, दारं आपटतात, मग थेंब येतात ते भिंतीला काटकोनात आल्यासारखे. रावेर-यावलकडे केळीची बागच्या बाग आडवी होते ती याच वाऱ्याने. म्हणजे खानदेशात खिडकीला छळणाऱ्या ज्या दोन गोष्टी आहेत, पाचचं ऊन आणि वळवाचा पाऊस, त्या दोन्ही आडव्या येतात, छज्ज्याखालून येतात, आणि बहुतेक वेळा दिवसाच्या त्याच प्रहरी येतात. वरून येणाऱ्याला उत्तर म्हणून बांधलेली गोष्ट समोरून येणाऱ्याला अडवत नाही, एवढंच आमचं म्हणणं आहे. पण त्यातून बरंच काही निघतं.

मुंबईतल्या मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको इमारतींना २०१८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत स्थान मिळालं. त्यांच्या खिडक्यांवरून भुवईसारख्या धावणाऱ्या छज्ज्यांचं कौतुक झालं, आणि ते रास्त आहे. पण आपण त्या शैलीतून फक्त भुवई उचलली. पापणी उचललीच नाही.

पापणी म्हणजे झडप. खिडकीच्या बाहेरच्या अंगाला उभी, उघडमीट करणारी. इथे लगेच कुणीतरी जुन्या वाड्यांचं नाव काढील, म्हणून सांगतो, वाड्याचं उगाच कौतुक नको. धाब्याच्या घरात, वाड्यात खिडकीला गज असायचे आणि आत फळ्यांची कवाडं. कवाड लावलं की ऊन थांबे, पाऊस थांबे, आणि त्याबरोबर उजेड आणि वाराही थांबे. जाड मातीच्या भिंतींमुळे ते चालून गेलं. शिवाय पावसाळ्यात लाकूड फुगलं की कवाड लागायचं नाही, आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असायची. फळीचं कवाड हे अर्धंच उत्तर होतं.

पूर्ण उत्तर आपल्या गावात होतं, आणि ते आपण हजार वेळा हाताने उघडलं-मिटलं आहे. रेल्वेचा साधा दुसऱ्या वर्गाचा डबा आठवा. पाचोरा रेल्वेचं गाव आहे. मुंबई-भुसावळ मार्गावरचं स्टेशन, इथूनच जामनेरची छोटी गाडी सुटायची, आपली पीजे. पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ पासून बांधले गेलेले ते निळे-तांबडे डबे २०१८ च्या सुरुवातीपर्यंत बनत होते. त्यांची खिडकी एकदा टीकाकाराच्या नजरेने बघा. आडवे गज. मग दोन वेगळ्या खाचांमध्ये दोन झडपा, एक काचेची, एक पत्र्याच्या तिरप्या पट्ट्यांची. हिंदीत घरच्या अशा पट्ट्यांना झिलमिली म्हणतात, फार सुंदर शब्द आहे. ऊन आलं, पट्ट्यांची झडप खाली. थंडी आली, काच खाली. पाऊस आला, बाजू बघून एक किंवा दोन्ही. कुणाला विचारावं लागत नाही, बटण नाही, दोरी नाही, दोन्ही बाजूंचे खटके दाबायचे आणि सोडायचं.

सगळी करामत त्या पट्टीच्या उतारात आहे. ती बाहेरच्या बाजूला खाली झुकलेली असते. वरून किंवा समोरून येणारा किरण पट्टीवर आदळतो, पाण्याचा थेंब पट्टीवर आदळतो आणि उतारावरून बाहेरच ओघळतो. वारा मात्र वळून आत येतो, कारण हवेला वळता येतं. किरणाला वळता येत नाही, आणि जोरात आलेल्या थेंबाला वळायला सवड मिळत नाही. एकाच पट्टीने दोन्ही कामं केली. थोडे तुषार आत येतात, खोटं कशाला बोला. खटका गंजला की झडप बोटावर पडते, त्याचाही अनुभव इथे बसलेल्या निम्म्या लोकांना असेल. तरीही आमच्या मते सर्वसामान्य माणसासाठी या देशात बनलेली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली खिडकी आहे, आणि तिच्यावर कुणी चार ओळी लिहिलेल्या आमच्या वाचनात नाहीत.

आता त्याच डब्यातून उतरून आपण घरी येतो. घरी काय आहे? ॲल्युमिनियमची स्लायडिंग. दोन पल्ले, त्यातला एकच सरकतो, म्हणजे चार फुटांची खिडकी घेतली आणि दोन फूट वापरली. बाहेर लोखंडी ग्रिल, आत पडदा. पडद्याबद्दल आमची तक्रार सौंदर्याची नाही, जागेची आहे. ऊन काचेतून आत आलं की ते पडद्यावर पडतं, पडदा तापतो, आणि ती उष्णता आता खोलीतच आहे. काच तिला सहजी परत जाऊ देत नाही. बाहेरच अडवलं तर हिशेब बदलतो. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने खिडकीबाहेर लावायच्या कापडी छत्रीबद्दल आकडे दिलेले आहेत: दक्षिणेच्या खिडकीतून येणारी उन्हाची उष्णता ६५ टक्क्यांपर्यंत घटते, पश्चिमेच्या ७७ टक्क्यांपर्यंत. आपला पडदा कितीही जाड घ्या, तो चोर घरात शिरल्यावर लावलेलं कुलूप आहे.

पावसात स्लायडिंगचं काय होतं तेही बघा. खालच्या खाचेत पाणी साठतं. ते बाहेर जायला भोकं ठेवलेली असतात, ती उन्हाळाभराच्या धुळीने बुजलेली असतात, आणि पहिल्याच वळवाला पाणी आतल्या बाजूने भिंतीवर उतरतं. त्यात खानदेशी खिडकीत मार्चपासून कूलर बसलेला. कूलर असला की खिडकी लागतच नाही.

पण खरा मुद्दा यापुढे आहे. वादळ आलं की आपल्याकडे आधी काय जातं? वीज. म्हणजे ज्या मिनिटाला काच बंद करावी लागते त्याच मिनिटाला पंखा आणि कूलर बंद पडतो. दिवसभर तापलेली स्लॅब वर, बंद काच समोर, वारा नाही. त्या खोलीत तान्हं मूल असतं, अंथरुणाला खिळलेली आजी असते, बारावीचा, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारं पोर असतं. वीज दहा मिनिटांनी येईल किंवा सकाळी. बंद असूनही श्वास घेणारी झडप ही त्या रात्रीची गरज आहे. तिला आम्ही चैनीची वस्तू मानायला तयार नाही.

लोकांना हे कळत नाही असं अजिबात नाही. लोक आपापल्या परीने उत्तरं काढतात, आणि त्यांची समीक्षा आदराने करायला हवी. वाळ्याचे पडदे होते, भिजवलेलं बारदान होतं. दोन्ही कोरड्या हवेत झकास, वादळात निकामी. आता पश्चिमेच्या खिडकीवर हिरवी शेडनेट दिसते, रोपवाटिकेतून उचललेली. ही निवड आम्हाला फार हुशारीची वाटते: ती बाहेर आहे, स्वस्त आहे, वारा तिच्यातून निघून जातो म्हणून फाटत नाही. पाऊस मात्र थांबवत नाही. मग काही जण ताडपत्री बांधतात. ती पाऊस थांबवते, पण तिचं शीड होतं. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ७२ किलोमीटरच्या वाऱ्यात एका चौरस मीटरवर साधारण २४ किलोचा रेटा येतो. दहा बाय दहाच्या गॅलरीवर ताणलेल्या ताडपत्रीवर सव्वादोनशे किलो झाले. दोन खिळ्यांना आणि एका सुतळीला आपण हे काम सांगतो. प्लास्टिकच्या गुंडाळायच्या पडद्यांचंही तेच, फक्त ते दिसायला बरे.

छपराचाही संबंध खिडकीशी आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. दर उन्हाळ्यात पत्रे उडाल्याच्या बातम्या येतात आणि आपण पत्र्याच्या हुकांना दोष देतो. वाऱ्याच्या बाजूची खिडकी सताड उघडी असली किंवा तिची काच फुटली, तर वारा आत शिरून छपराला खालून ढकलतो, आणि वरून वारा त्याला ओढतच असतो. भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात हा हिशेब आहे: उघडी जागा भिंतीच्या ५ टक्क्यांच्या आत असेल तर आतल्या दाबाचा गुणांक ०.२ धरतात, २० टक्क्यांच्या वर गेली तर ०.७. साडेतीन पट. १९९२ मध्ये अँड्र्यू चक्रीवादळाने दक्षिण फ्लोरिडाची घरं मोडली, त्यानंतर मायामी-डेड परिसरात नव्या घराच्या प्रत्येक खिडकीला झडप किंवा आघात सोसणारी काच सक्तीची झाली. चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने मारून ती तपासतात. जपानी घरांना 'अमादो' असते, शब्दशः पावसाचं दार. दिवसा भिंतीलगतच्या पेटीत सरकवून ठेवायची, रात्री किंवा तुफानात ओढून घ्यायची. आपल्याला मायामीची कसोटी नको, खर्च परवडायचा नाही. अमादोची सवय मात्र घेण्यासारखी आहे.

सरकारी नियम इथे कमी पडतात. ऊर्जा दक्षता ब्युरोची 'इको निवास संहिता' २०१८ मध्ये आली. घराच्या भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली, चौरस मीटरला १५ वॅट. पाऊल स्वागतार्ह. पण सावलीचा हिशेब करताना ती कायमस्वरूपी बाहेर काढलेल्या भागांकडे बघते, छज्जा आणि बाजूच्या पाकळ्या. हलती झडप त्या हिशेबात बसत नाही, कारण माणूस ती लावील याची खात्री कोण देणार? आम्हाला हा अविश्वास खटकतो. डब्यातला प्रवासी उन्हाची बाजू बदलली की न सांगता झडप पाडतो. घरात तो एकाएकी मूर्ख का ठरावा?

झडप का गेली, याची कारणंही प्रामाणिकपणे मांडली पाहिजेत. सागवान महागलं. बाहेर उघडणारं पान अरुंद गल्लीत अडतं. ग्रिल आल्यावर हात बाहेर जाईना. डासांची जाळी लावायला स्लायडिंग सोपी. ही खरी कारणं आहेत. पण यातलं एकही कारण सरकत्या किंवा वर उचलायच्या पत्र्याच्या झडपेला लागू पडत नाही. ती ग्रिलच्या आणि काचेच्या मध्ये बसू शकते, तशीच जशी डब्यात गजांच्या आत बसते. गावातले फॅब्रिकेशनवाले दुकानांची रोलिंग शटरं रोज बनवतात. पत्रा वाकवणं, खाच बसवणं, खटका लावणं, सगळं त्यांना येतं. त्यांच्याकडे आजवर कुणी तिरप्या पट्ट्यांची खिडकी मागितलीच नाही.

(श्रोत्यांमधून: "पण मग कूलर कुठे ठेवायचा?")

हा प्रश्न बरोबर आहे, आणि नकाशा काढतानाच तो विचारायला हवा. कूलर पश्चिमेला ठेवला तर तो दुपारभर तापलेली हवा ओढतो आणि झडपही अडवतो. त्याला उत्तरेची किंवा पूर्वेची, सावलीतली, लहानशी वेगळी खिडकी द्या, दीड-दोन फुटांची, कूलर काढल्यावर बंद करता येईल अशी. घर बांधून झालेलं असेल तर किमान पश्चिमेची खिडकी मोकळी करा आणि एकाच खिडकीला झडप लावून बघा, ज्या खोलीत म्हातारं माणूस झोपतं त्या खोलीच्या. फॅब्रिकेशनवाल्याकडे जाताना पट्टीचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, हे कागदावर काढून न्या. उलटा बसवला तर पाणी आत येईल आणि दोष झडपेवर जाईल.