गोळी निरुपयोगी, की न घेतलेली?

एखादे औषध चाचणीत अपयशी ठरले असे वाचले, की औषधातच दम नाही असा अर्थ आपण सहज काढतो. तो नेहमी बरोबर असतोच असे नाही. ‘व्हॉइस’ या एचआयव्ही-प्रतिबंधक चाचणीचा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध या दृष्टीने मुद्दाम वाचावा असा आहे.

दक्षिण आफ्रिका, युगांडा व झिंबाब्वे येथील ५,०२९ स्त्रिया २००९ ते २०१२ या काळात चाचणीत सहभागी झाल्या. सहभागाच्या वेळी कोणालाही एचआयव्हीची लागण नव्हती. काहींना टेनोफोव्हिरची गोळी, काहींना टेनोफोव्हिर व एमट्रिसिटाबिन यांची संयुक्त गोळी, काहींना योनीमार्गात लावायचे टेनोफोव्हिरचे जेल, तर उरलेल्यांना औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी किंवा जेल मिळाले. वापर रोज करायचा होता. संयुक्त गोळीच्या गटात ६१ जणींना लागण झाली. तिच्याशी तुलनेसाठी घेतलेल्या औषधविरहित गटात ६० जणींना.

मग गोळी कुचकामी म्हणावी का? पण केनिया व युगांडातील जोडप्यांवरील ‘पार्टनर्स प्रेप’ चाचणीत हीच संयुक्त गोळी दिलेल्या गटात लागण ७५ टक्क्यांनी घटल्याचे २०१२ साली प्रसिद्ध झाले होते. कोडे उलगडले ते साठवलेल्या रक्तातून. स्त्रियांच्या सांगण्यावरून आणि परत आलेल्या गोळ्या मोजून वापर ९० टक्क्यांच्या आसपास दिसत होता. रक्तात मात्र गोळ्यांच्या गटांत ३० टक्के आणि जेलच्या गटात २५ टक्के नमुन्यांतच औषध सापडले.

येथे फळ्यावर एक ढोबळ हिशोब करून पाहावा. औषधाविना १०० जणींना लागण झाली असती असे समजू. घेणाऱ्यांमध्ये गोळी ७५ टक्के लागण टाळते, पण ती घेणाऱ्या ३० टक्केच आहेत, आणि दोघींना धोका सारखाच आहे. तर एकूण टळतील त्या सुमारे २२. प्रत्येक गटात साठेक लागणी असताना एवढा फरक योगायोगात सहज बुडून जातो.

संशोधकांनी ही विसंगती आकड्यांसह उघडपणे छापली, हे या निबंधाचे मोठे बळ आहे. तरीही आमचे दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की रक्ताची ही तपासणी चाचणी संपल्यावर झाली. खरे औषध कोणाला मिळते हे संशोधकांना कळू द्यायचे नसते, ही अडचण मान्य; पण वेगळ्या, स्वतंत्र गटाकडून ती मधूनमधून करून घेता आली असती.

दुसरा आक्षेप निबंधापेक्षा त्याच्या वाचकांवर आहे. ‘बायका खोटे बोलल्या’ एवढाच बोध अनेकांनी घेतला. वर्गात ‘समजले का?’ असे विचारले की सगळे ‘हो’ म्हणतात. त्यात मुलांच्या स्वभावापेक्षा प्रश्नाचा दोष अधिक असतो. चाचणीत सुमारे ९१ टक्के स्त्रिया अखेरपर्यंत टिकून होत्या. हजेरी उत्तम होती, पण हजेरी म्हणजे औषध पोटात गेले असे नव्हे. पुढे त्यांतील काही जणींना त्यांच्या रक्ताचे अहवाल दाखवून मोकळेपणाने बोलते केले, तेव्हा दुष्परिणामांची भीती, कानावर आलेल्या अफवा, आणि गोळ्या दिसल्या तर आपल्याला एड्स झाला असे लोक समजतील ही धास्ती, अशी कारणे पुढे आली. पंचविशीच्या आतील अविवाहित मुलींमध्ये वापर कमी आणि लागण सर्वाधिक होती. ज्यांना गरज जास्त, त्यांनाच गोळी घरात ठेवणे अवघड, हे सरासरीत दडून जाते.

दक्षिण आफ्रिका व युगांडातील ‘पर्पज १’ चाचणीत सहा महिन्यांतून एकदा लेनाकापाव्हिरचे इंजेक्शन घेतलेल्या २,१३४ तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असे २०२४ साली जाहीर झाले. रोजच्या गोळीचे ओझे उतरले की काय होऊ शकते, ते यातून दिसते. अर्थात इंजेक्शनसाठीही वेळेवर केंद्रावर यावे लागते, आणि ते परवडावे लागते.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना हे आकडे शेजारी शेजारी लिहून दाखवावेत आणि विचारावे : येथे नेमके काय मोजले, औषधाचा गुण की त्याचा वापर? वापर मोजला असेल तर कोणत्या साधनाने? यशाची बातमी वाचतानाही हेच प्रश्न विचारायची सवय त्यांना लागावी.