अंश दवाखान्यात, छेद गावात

समाजात जाऊन आरोग्याचे काम करायचे असेल तर काय वाचावे, असा प्रश्न खाप्यातील विज्ञान शिक्षकांच्या एका छोट्या बैठकीत आम्हाला विचारला गेला. खापा हे नागपूर जिल्ह्याच्या सावनेर तालुक्यातले, कन्हान नदीच्या काठचे नगरपालिकेचे गाव. विचारणाऱ्या बाईंची एक माजी विद्यार्थिनी नर्सिंगचे शिक्षण संपवून सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाकडे वळू पाहत होती. आम्ही सवयीने पार्क यांच्या पाठ्यपुस्तकाचे नाव घेतले. १९७० साली जबलपूरहून प्रथम निघालेला हा ग्रंथ भारतातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी अभ्यासला आहे. बाई म्हणाल्या, "तो तिच्याकडे आहे, बराचसा पाठही आहे. पण गावात गेल्यावर पहिल्या दिवशी काय करायचं ते त्यात सापडत नाही, असं ती म्हणते."

तक्रार रास्त होती. ग्रंथ चांगला आहे, परंतु तो उत्तरांचा ग्रंथ आहे. गावात प्रथम लागतो तो प्रश्न. या प्रश्नाचे महत्त्व आम्हाला त्याआधी काही महिने खाप्यातल्याच मुलांनी शिकवले होते. नववीच्या वर्गाला आम्ही एक उपक्रम दिला होता. एका दवाखान्याच्या नोंदवहीतून, नावे सोडून, महिनाभरात आलेल्या पाच वर्षांखालील मुलांचे आजार मोजायचे आणि त्यांचा स्तंभालेख काढायचा. आलेख सुरेख झाले. जुलाबाचा स्तंभ सर्वांत उंच होता. आम्ही शाबासकी देत असताना मागच्या बाकावरून एकाने विचारले, "पण सर, गावात पोट्टे आहेत किती?"

उत्तर कुणाकडेच नव्हते, आमच्याकडेही नव्हते. छेदाशिवाय अपूर्णांक नाही हे पाचवीपासून शिकवणारे आपण, आणि आम्ही मुलांना नुसता अंश मोजायला दिला होता. दवाखान्याची नोंदवही म्हणजे अंश, आणि तोही अपुरा. कारण जे मूल दवाखान्यापर्यंत पोचलेच नाही ते वहीत नाही. छेद गावात असतो. सार्वजनिक आरोग्याचे शास्त्र उभे राहते ते तिथे.

म्हणून आम्ही त्या मुलीसाठी दुसरे वाचन सुचवले. ते म्हणजे शेजारच्या गडचिरोलीतून निघालेले आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९८९, १९९० व १९९९ साली छापून आलेले तीन शोधनिबंध. ते पाठ्यपुस्तक म्हणून कितपत उपयोगी आहेत, त्यांतले काय घ्यावे आणि कशाविषयी सावध राहावे, एवढेच येथे पाहायचे आहे.

लेखकांची पार्श्वभूमी थोडक्यात अशी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांचे वैद्यकीय शिक्षण नागपूरचे. त्यानंतर सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करण्यासाठी ते अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, १९८४ साली तेथील पदवी घेतली आणि परत येऊन १९८६ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था उभी केली. दूरच्या विद्यापीठातून त्यांनी जी पद्धत आणली तिचे मर्म साधे होते: आधी गावाला विचारा, मग मोजा, मग उपचार करा आणि पुन्हा मोजा.

पहिल्या निबंधात दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी आहे. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग आढळले. पूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया होत्या अवघ्या ८ टक्के. (दोन्ही आकड्यांची बेरीज शंभर येते म्हणून फसू नये. ते एकाच गटाचे दोन भाग नव्हेत. दोन निरनिराळ्या प्रश्नांची ती उत्तरे आहेत. वर्गात विचारायला हा चांगला प्रश्न आहे.) दवाखान्यात बसून मोजले असते तर यातले फारच थोडे दिसले असते. मात्र येथेच पहिली सावधगिरी हवी. त्या गावांतील सर्वच स्त्रिया तपासणीला आल्या नव्हत्या. ज्यांना त्रास होता त्या जास्त संख्येने आल्या असतील, तर ९२ हा आकडा थोडा फुगलेला असू शकतो. तो ७० धरला तरी निष्कर्षाची धार कमी होत नाही. पण वाचकाने ही शंका घेतलीच पाहिजे.

दुसरा निबंध मुलांच्या न्यूमोनियाचा आहे. ज्या गावांत गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक दिले, तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे न्यूमोनियाचे मृत्यू ८.१ होते, तुलनेच्या गावांत १७.५. शिक्षकांना विशेष रस वाटेल तो निदानाच्या रीतीत. बाळाचे श्वास मिनिटभर मोजायचे. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक असतील तर धोका समजायचा. पण निरक्षर सुईणीने पन्नासापर्यंत मोजावे कसे? त्यासाठी एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि सरकवायचे मणी असलेले साधन तयार केले गेले. उपकरण मोजणाऱ्याच्या हाताला जमेल असे असावे, हा धडा आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वाढलेल्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखा आहे.

तिसरा निबंध नवजात बालकांचा, आणि तिघांत सर्वांत महत्त्वाचा. ३९ गावांत पाचवी ते दहावी शिकलेल्या स्त्रियांना प्रशिक्षण देऊन घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचे काम दिले: वजन, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास इंजेक्शनसुद्धा. ४७ गावे तुलनेसाठी होती. पहिल्या गटात जन्मानंतर २८ दिवसांच्या आत होणारे मृत्यू दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ होते. तिसऱ्या वर्षी ते सुमारे २५ झाले. तुलनेच्या गावांत ते ५८ वरून सुमारे ६० झाले, म्हणजे जवळजवळ स्थिरच राहिले. ही तुलनेची गावे नसती, तर "काळच सुधारत होता, दर आपोआप उतरला" असे कोणीही म्हणू शकले असते.

आता उणिवा. पहिली, कोणती गावे कोणत्या गटात जातील हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते. त्यामुळे दोन गटांत आधीपासूनच काही न दिसणारा फरक असण्याची शक्यता उरते. सुरुवातीचे दर जवळजवळ सारखे होते ही जमेची बाजू, पण शंका पूर्ण फिटत नाही. दुसरी, अनेक उपाय एकाच वेळी केले गेल्यामुळे नेमका किती वाटा कशाचा, हे या आकड्यांवरून सांगता येत नाही. तिसरी उणीव निबंधाची नव्हे, तो वाचणाऱ्यांची. बांगलादेशातील सिल्हेट येथे गटांची निवड चिठ्ठीच्या पद्धतीने करून असाच प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत नवजात मृत्यूंतील घट ३४ टक्के होती. घट खरी, पण गडचिरोलीपेक्षा कमी. २०११ पासून आपल्या देशात 'आशा' कार्यकर्ती नवजात बाळाच्या घरी सहा-सात भेटी देते. कल्पनेचे मूळ गडचिरोलीत आहे. परंतु इंजेक्शन आशांच्या हाती दिले गेले नाही. तेव्हा भेटींची संख्या उचलून गडचिरोलीच्या निकालाची अपेक्षा करणे म्हणजे कृतीतले अर्धे साहित्य वगळून तीच चव मागणे होय.

शेवटची गोष्ट आकड्यांच्या आकाराची. समजा, एखाद्या गावाची लोकसंख्या १५,००० आहे आणि जन्मदर हजारी १६. म्हणजे वर्षाला २४० जन्म. नवजात मृत्युदर हजारी २५ धरला तर वर्षाला ६ मृत्यू. एका वर्षी ८ झाले तर दर ३३ होईल, पुढच्या वर्षी ४ झाले तर १७. दर निम्म्यावर आला म्हणून कोणी सत्कार करील. वास्तविक तो निव्वळ योगायोगही असू शकतो. गडचिरोलीच्या प्रयोगाला सुमारे ३९ हजार वस्तीची गावे आणि तीन वर्षे का लागली, ते या साध्या गणितावरून कळते.

आणि तरीही ते ६ म्हणजे ६ घरे आहेत. २००१ साली महाराष्ट्रातील स्वयंसेवी संस्थांनी मिळून काढलेल्या 'कोवळी पानगळ' या अहवालाने दाखवून दिले की प्रत्यक्ष बालमृत्यू सरकारी नोंदींपेक्षा कितीतरी अधिक होते. जे मूल मोजले गेले नाही, त्याच्यासाठी औषधही मागवले जात नाही आणि त्याचा जाबही कुणाला द्यावा लागत नाही. मोजणे हे म्हणून रूक्ष काम नव्हे. मात्र ज्या घरात आठवड्यापूर्वी बाळ गेले तेथे वही घेऊन कसे जावे, किती वेळ गप्प बसावे, हे या तीन निबंधांत नाही. शोधनिबंधाच्या चौकटीत ते मावतही नाही. ते गावातल्या आशाताईंच्या मागे चार महिने फिरून शिकावे लागेल.

बाईंच्या विद्यार्थिनीला आम्ही हेच कळवले: पाठ्यपुस्तक ठेवा, हे निबंध शंका घेत वाचा, आणि पहिल्या दिवशी गावाचा नकाशा काढून घरे मोजा. नववीच्या मुलांचा उपक्रमही आम्ही बदलला. या वेळी त्यांनी आधी आपापल्या गल्लीतली पाच वर्षांखालील मुले मोजली. दोन गटांच्या आकड्यांत एकाच गल्लीसाठी तीनचा फरक आला आणि त्यावर तासभर भांडण झाले. एक बाळ आईबरोबर आजोळी गेले होते. ते धरायचे की नाही? साथरोगशास्त्रातला एक खरा प्रश्न त्यांना स्वतःहून सापडला होता. स्तंभालेख मात्र या वेळी अजून झालेला नाही.