‘सावकारी पाश’ आणि बाबूराव पेंटरांची वास्तवदृष्टी

बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांचा ‘सावकारी पाश’ (१९२५) हा मूकपट भारतीय चित्रपटातील वास्तववादाचा आरंभ मानला जातो. या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. तेव्हा हा निर्णय चित्रपट पाहून नव्हे, तर कथानक आणि आठवणी यांच्या आधारे दिला जातो, हे प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. जपानी दिग्दर्शक दाइसुके इतो यांच्या ‘चूजी ताबिनिक्की’ (१९२७) या मूकपटाचे काही भाग १९९१ साली सापडले आणि निव्वळ कीर्तीवर उभे असलेले मत पडताळण्याची सोय झाली. ‘सावकारी पाशा’च्या वाट्याला ते भाग्य आलेले नाही.

बाबूराव मुळात नाटकांचे पडदे रंगविणारे चित्रकार. ‘सैरंध्री’तील (१९२०) कीचकवध इतका हुबेहूब वठला होता की, तो कापावा लागला, असे सांगतात. ‘सिंहगडा’त (१९२३) त्यांनी कृत्रिम प्रकाश योजिला. ‘सावकारी पाशा’तील रात्रीची झोपडी व रडणारे कुत्रे यांचे दृश्य आवर्जून वर्णिले जाते, त्यामागेही हीच छायाप्रकाशाची जाण असली पाहिजे. परंतु प्रत्यय हा चित्रकाराच्या दृष्टीचा गुण होय. वास्तव हा समाजाच्या आकलनाचा. पहिला पुराणकथेतही साधतो. त्यावरून दुसऱ्याची ग्वाही मिळत नाही.

जमीन गमावून गिरणीत मजुरीस जाणारा शेतकरी (ही भूमिका व्ही. शांताराम यांची) अमरावती-अकोल्याच्या अभ्यासकास आपलाच वाटावा, हे साहजिक आहे. तथापि वऱ्हाडातील कापूस पिकविणाऱ्याचे कर्ज एकट्या सावकाराच्या दुष्टाव्यातून उद्भवत नाही. पावसाची लहर, अडत्याची उचल आणि दूरच्या बाजारात ठरणारा भाव, हे सारे पदर त्या पाशात आहेत. ना. ह. आपटे यांच्या कथेत शोषणाला सावकाराचा चेहरा लाभला. भावाला चेहरा नसतो.

बाबूरावांच्या हाताखाली घडलेल्या दामले, फत्तेलाल व शांताराम यांनी १९२९ साली सहकाऱ्यांसह ‘प्रभात’ची स्थापना केली. ‘संत तुकाराम’मधील (१९३६) देहूचे साधे घर पाहिले म्हणजे गुरूची प्रत्ययशक्ती शिष्यांत कशी उतरली, हे कळते. तो वारसा निःसंशय थोर आहे. मात्र चेहरा नसलेल्या भावाला दृश्यरूप देण्याचे काम त्या वारशाने पुरे झालेले नाही. ते शिल्लक आहे, आणि त्याचा विचार वऱ्हाडाहून अधिक अधिकाराने कोणी करावा?