'चांगली' हवा म्हणजे किती चांगली?

केंद्र सरकारने २०१५ साली हवा गुणवत्ता निर्देशांक सुरू केला, तेव्हापासून हवेची स्थिती सहा रंगांत आणि सहा शब्दांत सांगितली जाते. या तक्त्यातील एक गोष्ट आम्हांला मनापासून पटते. आठ प्रदूषकांची सरासरी न काढता त्यांतील सर्वांत वाईटाचा आकडा तोच त्या दिवसाचा निर्देशांक धरला जातो. गणितात नापास झालेल्याला चित्रकलेचे गुण तारत नाहीत, तसेच हे.

आमचा आक्षेप आहे तो शब्दांवर. अडीच मायक्रॉनपर्यंतचे बारीक कण नाकातील केसांना व श्वासनलिकेतील चिकट द्रवाला चुकवून थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. दर घनमीटर हवेत असे कण २४ तासांच्या सरासरीने ३० मायक्रोग्रॅमपर्यंत असले, तर तक्ता हवेला 'चांगली' म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली दिवसाची मर्यादा १५ सांगितली आहे! ९० पर्यंतची हवा 'मध्यम'. पण तिच्याच खुलाशात दमेकरी, हृदयरोगी, मुले व वृद्ध यांना त्रास होऊ शकतो असे म्हटले आहे. खुलासा कोण वाचतो? रंग आणि शब्द तेवढे लक्षात राहतात.

अमेरिकेतील सहा शहरांतल्या आठ हजारांवर प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षे माग ठेवणारा अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. वय, धूम्रपान इत्यादींचा हिशेब केल्यावरही सर्वांत प्रदूषित स्ट्यूबेनव्हिलमधील मृत्युदर सर्वांत स्वच्छ पोर्टेजपेक्षा २६ टक्क्यांनी अधिक आढळला. पोर्टेजच्या हवेत बारीक कण सरासरी ११ मायक्रोग्रॅम होते. आणि स्ट्यूबेनव्हिलच्या? २९.६. ही अनेक वर्षांची सरासरी आहे, तक्त्यातील आकडा एका दिवसाचा. दोहोंची गल्लत करू नये हे खरेच. तरीही रोज ३० मायक्रोग्रॅम कण असलेल्या गावाला हा तक्ता वर्षाचे ३६५ दिवस 'चांगली' असेच प्रशस्तिपत्र देईल.

२४ तासांच्या सरासरीत आणखी एक गोष्ट लपते. हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची गार हवा वर चढत नाही, त्यामुळे धूर व धूळ खालीच कोंडून राहतात. नेमकी तीच वेळ सकाळच्या शाळेच्या कवायतीची. तेव्हा मुलांना मैदानावर काढण्यापूर्वी रंग न पाहता बारीक कणांचा त्या तासाचा आकडा पाहावा. बऱ्याच शहरांतील स्वयंचलित केंद्रांचे असे आकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात.