सैल सोडलेली तार : मेटालिकाचा ‘सेंट अँगर’ आणि त्याचे श्रोते

२००३च्या पावसाळ्यात ‘सेंट अँगर’ पहिल्यांदा लावला आणि दोन मिनिटांत टेप बंद करून मी हेड स्पिरिटने पुसला. मग हेडचा स्क्रू पाव पीळ फिरवून पाहिला. मग स्पीकरच्या कागदाला कुठे चीर गेली आहे का, ते बोट फिरवून तपासले. पिंपळनेरला तेव्हा माझे रेडिओ, टेप आणि लाउडस्पीकर दुरुस्तीचे दुकान होते. आवाज बिघडला की दोष आधी यंत्रात शोधायचा, ही हाताची सवय. शिवाय कॅसेट मूळ नव्हती. नाशिकला शिकणाऱ्या भाच्याने सीडीवरून नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर भरून आणली होती, आणि नव्वदची फीत पातळ असते, ती खेचली जाते, हे गिऱ्हाइकांना मीच सांगत असे. खात्रीसाठी त्याच टेपवर ‘मास्टर ऑफ पपेट्स’ लावला. तो ठणठणीत वाजला. म्हणजे बिघाड टेपमध्ये नव्हता.

पुढची वीसएक वर्षे मी या एका अल्बमबद्दल जमेल ते वाचत, ऐकत आलो आहे. संगीताचे शिक्षण नाही, इंग्रजी डिक्शनरी जवळ ठेवून वाचतो. तरीही त्यावर लिहावेसे वाटते, कारण या अल्बमविषयी चाहत्यांनी जी तक्रार केली ती मला खरी वाटते, पण तिचे जे कारण सांगितले गेले ते अपुरे वाटते.

ज्यांचा या संगीताशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडे मागचे. मेटालिका हा कॅलिफोर्नियातला हेवी मेटल बँड. १९८३ ते १९९१ या काळात त्यांचे पाच अल्बम आले. त्यातला तिसरा, १९८६चा ‘मास्टर ऑफ पपेट्स’, हे या प्रकारच्या संगीताचे शिखर मानणारे लोक जगभर आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन गेला. १९९१च्या काळ्या वेष्टणाच्या अल्बमने त्यांना घरोघरी नेले. आमच्याकडे हे संगीत आले ते कॉलेजसाठी धुळे-नाशिकला गेलेल्या पोरांच्या पिशव्यांतून. मुंबईला धोबीतलावच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ होत असे, तेही ऐकूनच माहीत. १९९३ पासून अलाहाबादहून ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ निघू लागले. त्याचे हाताळून मऊ झालेले अंक साक्रीमार्गे एसटीने माझ्यापर्यंत यायचे.

आता अल्बमकडे. जानेवारी २००१मध्ये बासवादक जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेला. त्या जुलैत गायक जेम्स हेटफिल्ड दारूच्या व्यसनावर उपचार घेण्यासाठी निघून गेला आणि काम कित्येक महिने थांबले. परतल्यावर त्याची अट होती की दुपारी बारा ते चार एवढाच वेळ काम. बँड टिकावा म्हणून महिना चाळीस हजार डॉलर देऊन एक समुपदेशक ठेवला होता. बास वाजवायला कोणी नव्हते, तर निर्माता बॉब रॉकनेच तो वाजवला. गाण्यांचे शब्द सगळ्यांनी मिळून लिहिले. हे सारे ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ या २००४च्या माहितीपटात आहे. घरातले भांडण शेजाऱ्याच्या खिडकीतून पाहावे तसा तो पाहून होतो. जून २००३मध्ये अकरा गाण्यांचा, सव्वा तासाचा अल्बम आला. अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात विक्रीत पहिला. शीर्षकगीताला पुढच्या वर्षी ग्रॅमीही मिळाले. आणि तरीही चाहते चिडले ते चिडलेच.

चिडण्याचे पहिले कारण स्नेअर ड्रम. या ढोलाच्या खालच्या कातड्याला धातूच्या बारीक तारांचा पट्टा भिडवलेला असतो. काठी वर पडली की तारा खाली थरथरतात, आणि त्यातून तो कोरडा, फाटकन तुटणारा आवाज निघतो. बाजूला खटका असतो, तो पाडला की तारा सुटतात आणि मागे उरतो नुसत्या भांड्याचा ठणाणा. लार्स उलरिचने संपूर्ण अल्बम असा तारा सोडून वाजवला. जगभरच्या श्रोत्यांनी त्याला पत्र्याचा डबा, कचऱ्याचा पिंप अशी नावे ठेवली. उलरिचने मात्र पुढे मुलाखतींतून त्या आवाजाची पाठराखणच केली आहे. आपल्याकडे हलगी शेकल्याशिवाय कोणी वाजवत नाही. थंड हलगीवर थाप पडली तर लहान पोरसुद्धा वळून पाहते. तेव्हा हा आवाज खटकला म्हणून चाहत्यांना कोणी हलक्या कानाचे म्हणू नये.

दुसरे कारण गिटारचे एकल वादन. कर्क हॅमेटसारखा वादक हाताशी असून अख्ख्या अल्बममध्ये एकही सोलो नाही. माहितीपटात तो स्वतः याला विरोध करताना दिसतो. सोलो टाळला तर उलट गाणे याच काळाला चिकटून बसेल, असे त्याचे म्हणणे. मला तो अल्बमवरचा पहिला समीक्षक वाटतो, आणि तोही बँडमधला.

पण ही दोन कारणे मला पुरत नाहीत, आणि त्याला पुरावा मेटालिकाच्याच घरात आहे. १९८८चा ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’ घ्या. त्यात न्यूस्टेडचा बास जवळजवळ ऐकूच येत नाही. ध्वनिमुद्रणाचा याहून मोठा दोष कोणता? एक अख्खे वाद्य गायब! त्यावर चाहते आजही कुरकुरतात, पण अल्बम त्यांनी टाकला नाही. कारण त्यातली गाणी एका विचाराने बांधलेली आहेत. एक तुकडा दुसऱ्याला जन्म देतो, दुसरा तिसऱ्याकडे ढकलतो. आवाजाचा दोष श्रोता पोटात घालतो, बांधणीचा नाही.

‘सेंट अँगर’ची बांधणी कशी झाली? सॅन फ्रान्सिस्कोतल्या लष्कराच्या जुन्या बराकीत आणि नंतर स्टुडिओत त्यांनी तासन् तास सुचेल ते वाजवले. मग त्यातले बरे तुकडे संगणकावर कापून एकमेकांना जोडले. कानावर मात्र छाप अशी पडते की चार माणसे गॅरेजात बेभान वाजवत आहेत, कसलाही मुलामा नाही. कच्चेपणाचा हा दावाच मला खोटा वाटतो. अल्बम कच्चा नाही, शिवलेला आहे. फक्त धागे बाहेरच्या बाजूने ठेवले आहेत. ‘सम काइंड ऑफ मॉन्स्टर’ किंवा ‘इनव्हिजिबल किड’ ही साडेआठ मिनिटांच्या आसपासची गाणी ऐका. तोच तुकडा परत येतो, तेव्हा तो पहिल्यापेक्षा दमलेला नसतो, चढलेलाही नसतो. आला तसाच येतो.

पुनरावृत्ती वाईट असे मी म्हणत नाही. आमच्या साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाचा उत्सव होतो. पावरी, म्हणजे भोपळ्याचे ते फुंकायचे वाद्य, रात्र रात्र वाजते. सूर मोजकेच, वळणे त्याहून मोजकी. तरी कोणी कंटाळत नाही. पावरीवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत असतो. पाय जड झाले की तो सूर ओढतो, पाय उचलले की पुढे पळतो. विसाव्या खेपेचा तुकडा एकोणिसाव्याला पाहून वाजलेला असतो. संगणकावर चिकटवलेला तुकडा कोणालाच पाहत नाही. सोलो नसण्याचे खरे दुःखही मला याच जागी वाटते. सोलो म्हणजे गाण्याच्या आत एका माणसाने बाकीच्यांना दिलेले उत्तर. ते काढले, आणि अल्बमभर कोणी कोणाशी बोलत नाही.

हे माझे नुसते तर्कट नाही. मूळ सीडीबरोबर एक डीव्हीडी दिलेली होती. तिच्यात हीच सगळी गाणी नवा बासवादक रॉबर्ट त्रुहियो याच्यासह चौघांनी तालमीच्या खोलीत सलग वाजवली आहेत. ती मी फार उशिरा, मोबाइलवर पाहिली. तिथे ‘फ्रँटिक’ला पाठीचा कणा आहे. उलरिच हेटफिल्डकडे पाहतो, वेग किंचित सरकतो, दुसरा तो सावरतो. एवढ्यानेच गाणे उभे राहते. २०१५च्या सुमारास काही चाहत्यांनी तर अख्खा अल्बम स्वतः पुन्हा वाजवून, छाटून, स्नेअरच्या तारा ताणून मांडला. निराश श्रोत्याने केलेली इतकी कष्टाची समीक्षा मला दुसरी माहीत नाही. शिव्या देणे सोपे होते.

आता दुसरी बाजू. अल्बमवर जीव टाकणारेही होते, आहेत. त्यातला एक माझा मित्र. हायस्कूलला इंग्रजी शिकवायचा, दारू प्यायचा, आणि त्या वर्षी त्याने ती सोडली होती. संध्याकाळची वेळ त्याला जड जायची म्हणून तो दुकानात येऊन बसे. लोडशेडिंगमध्ये बॅटरीवर आम्ही ही कॅसेट ऐकली. मी स्नेअरचे सांगू लागलो तर म्हणाला, “भाऊ, हाई गानं नही शे. हाऊ मानूस बोली ऱ्हायना.” शब्द त्याला माझ्यापेक्षा नीट कळत होते. राग जिरवायचा नाही आणि कोणावर काढायचाही नाही, मग ठेवायचा कुठे, हा त्याचा रोजचा प्रश्न होता. तो आवाज त्याला डब्याचा वाटत नव्हता. स्वतःच्या डोक्यातला वाटत होता.

त्याच्यापुढे माझी समीक्षा लंगडी पडली, हे कबूल करतो. तरी मत बदलले नाही. माणूस खऱ्या हालात होता म्हणून त्याचे ध्वनिमुद्रण खरे ठरत नाही. हेटफिल्डचा आजार खरा, त्याची भीती खरी. पण जिथे तो ओरडतो तिथेही मागचा तुकडा चिकटवलेलाच आहे. मित्र म्हणायचा, सुरुवातीला माझाही एकेक दिवस असाच चिकटवलेला होता. यावर मला आजही उत्तर सुचलेले नाही.

चाहत्यांच्या रागात आणखी एक जुना हिशेब मिसळलेला होता. २०००मध्ये नॅपस्टरवरून फुकट गाणी उतरवण्याविरुद्ध मेटालिकाने खटला भरला आणि तीन लाखांहून अधिक वापरणाऱ्यांची यादीच कंपनीला दिली. ज्यांच्या गाण्यांच्या नकला करकरून बँड मोठा झाला तेच चोर ठरले. माझ्या हातातली कॅसेटही नक्कलच होती, तेव्हा या विषयावर मी फार बोलू नये.

बँड बदलला की श्रोता स्वतःची फसवणूक झाली असे का धरतो, हे कोडे आपल्याकडेही आहे. मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने १९९३मध्ये नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केले. १९९५चा त्या नावाचा अल्बम मी ऐकला तेव्हा पहिले काही दिवस जुनेच नाव घेत राहिलो, जणू नाव माझ्या मालकीचे होते. १९९७मध्ये बँड मोडला, २०१०मध्ये पुन्हा जुळला, २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. तोवर माझा रुसवा मलाच हास्यास्पद वाटू लागला होता. ‘सेंट अँगर’च्या बाबतीत तसे झाले नाही. रुसवा कालांतराने जातो. सदोष बांधणी आहे तशीच राहते.

मेटालिकाने चाहत्यांचे ऐकले, हेही सांगितले पाहिजे. सप्टेंबर २००८मध्ये रिक रुबिनच्या देखरेखीखाली ‘डेथ मॅग्नेटिक’ आला. सोलो परतले, स्नेअरच्या तारा परतल्या, गाणी पुन्हा वळणे घेऊ लागली. आणि नवा घोळ झाला. आवाज इतका चढवला होता की तो फाटत होता. हा विषय माझ्या धंद्यातला. लग्नाच्या वरातीत अँप्लिफायरला त्याच्या ताकदीबाहेर ताणले की आवाजाच्या लाटेचे माथे सपाट कापले जातात, आणि दुसऱ्या दिवशी बारक्या स्पीकरची जळालेली कॉइल माझ्या टेबलावर येते. ‘डेथ मॅग्नेटिक’मध्ये लाटांचे माथे कारखान्यातच कापलेले होते. ‘गिटार हिरो’ या व्हिडिओ गेममध्ये तीच गाणी जास्त स्वच्छ ऐकू येतात, हे श्रोत्यांनीच शोधून काढले. हजारोंनी सह्या करून अल्बम पुन्हा नीट करून मागितला. पण या वेळी रागात दुःख नव्हते. गाणी आपली आहेत, फक्त भरताना बिघडली, अशी ती तक्रार होती; ‘जस्टिस’सारखी. २००३मध्ये मात्र काय दुरुस्त करून मागावे हेच कोणाला ठरवता येत नव्हते, म्हणून सगळे स्नेअरवर तुटून पडले.

‘सेंट अँगर’चे शेवटचे गाणे ‘ऑल विदिन माय हँड्स’. अल्बमवर ते जवळपास नऊ मिनिटे चालते आणि शेवटी नुसत्या आरडाओरड्यात विरते. सप्टेंबर २०१९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला वाद्यवृंदासोबत त्यांनी ते साध्या गिटारवर, संथ लयीत म्हटले. त्यात इतके चांगले गाणे दडले होते, हे मला तेव्हा कळले. माझे म्हणणे सिद्ध झाले या आनंदात मी ते मोबाइलवर मित्राला ऐकवले. तो आता निवृत्त आहे, दुकानही मी बंद केले आहे. माझ्या ओट्यावर बसलो होतो. त्याने डोळे मिटून पूर्ण ऐकले.

“गोड शे,” तो म्हणाला. “पन हाऊ तो नही.”

मग त्याने जुन्या कॅसेटची चौकशी केली. ती सापडली, पण फितीला हेडशी दाबून धरणारा आतला फेल्टचा तुकडा गळून पडला होता. दुसऱ्या एका कॅसेटमधला काढून मी तो चिमट्याने बसवला. टेप सुरू केला. पत्र्याचा तो ठणाणा ओट्यावरून गल्लीत गेला, समोरच्या घरातल्या बाई दारात येऊन पाहू लागल्या, आणि मित्राने हाताने खूण केली की आवाज थोडा वाढव.