खेळणे केव्हा हलवावे? : स्टॉप-मोशन आणि विस्थापनाची स्मृती

प्रस्तुत लेखात खेळण्यांच्या साहाय्याने सामूहिकरीत्या करावयाच्या स्टॉप-मोशन चित्रपटाचा विचार उजनी जलाशयाकाठच्या पुनर्वसित गावांच्या संदर्भात केला आहे. वस्तू किंचित हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची, असे या तंत्राचे स्वरूप आहे. मराठी चित्रपटसृष्टीस ते अपरिचित नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ टप्प्याटप्प्याने चित्रित केली. पुढे ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्यांना खेळविले. पहिल्या प्रयोगात गती रोपाची होती, दुसऱ्यात ती सर्वस्वी मानवी हाताची. हात कोणाचा आणि तो काय हलवितो, हा समीक्षेचा प्रश्न येथेच उद्भवतो.

भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले. करमाळा तालुक्यातील अनेक गावांना मूळ जागा सोडावी लागली. पाणी फार ओसरले की जुन्या बांधकामांचे अवशेष उघडे पडतात. एरवी नव्या पिढीस ते गाव वडीलधाऱ्यांच्या बोलण्यातूनच ठाऊक असते. दिवाळीच्या किल्ल्यावरील मावळे आणि बेंदराचे मातीचे बैल घेऊन हे गाव पडद्यावर उभे करता येईल. आजोबांनी वेस कोठे होती ते सांगावे, नातीने बैल सरकवावा, तिसऱ्याने चित्र टिपावे. अशा कृतीचा कर्ता एक नसतो. म्हणून एकाच दिग्दर्शकाचा शोध घेणारी समीक्षा येथे अपुरी पडते.

तथापि, या तंत्रात एक मोह दडलेला आहे. चित्रांचा क्रम उलटविला की पाणी मागे सरते आणि गाव वर येते. प्रत्यक्षात न भरलेली हानी पडद्यावर मात्र क्षणार्धात भरून निघते. कंबोडियाचे रिथी पान्ह यांनी ‘द मिसिंग पिक्चर’ (२०१३) या चित्रपटात ख्मेर रूज राजवटीतील यातना मातीच्या बाहुल्यांद्वारे मांडल्या. पण त्या बाहुल्यांना त्यांनी चालविले नाही. त्यांची निश्चलता हेच तेथे भाष्य ठरते.

मुलांच्या खेळावर एवढा भार टाकू नये, असा आक्षेप संभवतो. तो अंशतः मान्य करावा लागेल. बैलाने अवश्य चालावे, बाजार भरावा, लग्नाची वरात निघावी. परंतु पाणी चढल्यावर काय हलेल आणि काय स्थिर राहील, हे सर्वांनी मिळून ठरविले पाहिजे. गतीची सफाई हा निकष गौण आहे. या निर्णयामागील विवेक हाच अशा कृतींच्या मूल्यमापनाचा मुख्य निकष मानावा लागेल.